थंड पाण्यात आमिष वर का येतं?
नोव्हेंबर, मिशिगनमधलं घरामागचं छोटं तळं, पाणी ७ अंश सेल्सिअस. बास मासा आमिषामागे यायचा, बघायचा, वळून जायचा. तीन शनिवार हात हलवत परत. (बायकोने तोवर फ्रोजन सुरमई आणली.)

शेवटी जर्कबेट (झटके देत ओढायचं माशासारखं नकली आमिष) काठाशीच सोडून नुसतं पाहत बसलो. पाण्यात अधांतरी थांबायला हवं, तर ते हळूहळू वर येत होतं! पाणी ४ अंशांपर्यंत थंड होताना जड होत जातं. उन्हाळ्यात बरोबर तोललेलं आमिष त्यात हलकं पडतं. आमिषाच्या पुढच्या बाजूच्या गळाच्या दांडीला सोल्डरिंगच्या तारेचे वेढे दिले, एकेक वाढवत, ते स्थिर होईपर्यंत. मग दोन झटके आणि पंधरा सेकंद काहीच करायचं नाही, हेच खरं अवघड. तिसऱ्या फेकीला दोरा बाजूला सरकला: बासने आमिष धरलं होतं.