ओहोटीच्या चार तासांत लाव्हाचे थर कसे ओळखावेत: कोकण किनाऱ्यासाठी

आधी एक गैरसमज बाजूला ठेवू. कोकणातल्या काळ्या कातळाला ज्वालामुखीचं तोंड नाही. लोणारचं सरोवर हे या ज्वालामुखीचं विवर नव्हे, ते उल्केनं पाडलेलं आहे. सह्याद्रीचा कडा ही कुठल्या महाकाय विवराची भिंत नाही, झिजत झिजत पूर्वेकडे सरकलेली ती डोंगरकड आहे. पोटातला शिलारस रिकामा झाला, छप्पर खाली कोसळलं आणि गोल खड्डा उरला, असा कॅल्डेरा पाहायचा तर आपल्या देशात अंदमानातल्या बॅरन बेटावर जावं लागेल. तिथे सुमारे दोन किलोमीटरचं कडं आहे, पश्चिमेकडे फुटलेलं, आणि त्याच्या आत नवा शंकू. दीडशेहून अधिक वर्षं गप्प राहून तो १९९१ साली पुन्हा जागा झाला.

कोकणातली लाव्हा जमिनीला गेलेल्या लांब भेगांतून आली आणि चादरीवर चादर पसरत गेली. यातली बहुतेक लाव्हा ६.६ कोटी वर्षांच्या आसपास, दहा लाख वर्षांच्या आतच बाहेर पडली. त्यामुळे इथे शोधायच्या त्या तीन गोष्टी: एका चादरीचा तळ आणि माथा, दोन चादरींमधली विश्रांती आणि भेग जिथे थिजली ती जागा. एवढं वहीत उतरलं की त्या किनाऱ्याचा उद्रेकाचा इतिहास तुमच्या हातात आला.

कोणत्या दिवशी जायचं

तिथीला तीननं गुणायचं आणि चारनं भागायचं, की भरतीची ढोबळ वेळ निघते, हा हिशोब किनाऱ्यावर सगळ्यांना ठाऊक असतो. भरतीनंतर सहा तासांनी ओहोटी. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणाला पाणी सर्वांत मागे जातं, पण त्या दिवशीची ओहोटी पहाटे सव्वापाच ते सहाच्या दरम्यान येते आणि अर्धा वेळ अंधारात जातो. म्हणून द्वितीया किंवा तृतीया धरा. द्वितीयेला भरती दीडला, म्हणजे सकाळची ओहोटी साडेसातच्या सुमारास आणि तृतीयेला सव्वाआठच्या. उधाण अजून पुरतं ओसरलेलं नसतं आणि उजेडही तिरपा मिळतो. तिरप्या उन्हात थरांच्या कडा उठून दिसतात, दुपारी बारा वाजता सगळा कातळ सपाट काळा वाटतो. भांगाच्या दिवसांत, म्हणजे अष्टमीच्या आगेमागे, जाऊ नका. खालचे थर उघडेच पडत नाहीत.

मिनिटांचा हिशोब करायचा असेल तर त्या बंदराचं भरतीचं कोष्टक पाहा, तिथीचा हिशोब अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो. ओहोटीच्या दोन तास आधी उतरा आणि पाणी वळल्यावर अर्ध्या तासात खालची खडपं, म्हणजे ओहोटीला उघडे पडणारे कातळ, सोडा. हरिहरेश्वरच्या प्रदक्षिणा मार्गावर तर घड्याळ पाहूनच पाऊल टाका, कारण कड्याच्या पायथ्याशी लाट आली की मागे सरायला जागा नसते. पावसाळ्याचे चार महिने हा उद्योग बंद.

बरोबर दहा पट भिंग, सुईचं होकायंत्र, पाच मीटरची टेप, लोखंडी चाकू, दोऱ्याला बांधलेला छोटा लोहचुंबक, जाड पुठ्ठ्याची वही आणि पेन्सिल एवढं पुरे. पेनाची शाई खाऱ्या हवेत पसरते. पायात रबरी तळव्याचे बूट हवेत, कारण हिरव्या शेवाळावर चप्पल टिकत नाही आणि पडलात तर कालवांच्या कडा कापतात. हातोडा घरीच ठेवा. समुद्रानं फोडून ठेवलेले ताजे तुकडे खडपावर हवे तेवढे पडलेले असतात, आणि किल्ल्याच्या किंवा देवळाच्या कातळावर घाव घालायचा तर प्रश्नच नाही.

एक चादर, तळापासून माथ्यापर्यंत

कड्याच्या पायथ्याशी, गुडघ्याएवढ्या उंचीवर जिथे काळ्या दगडात आडवी रेघ दिसते तिथे बसा. रेघेच्या वरचे पहिले वीत-दीड वीत भिंगाखाली घ्या. करंगळीएवढ्या किंवा त्याहून बारीक, उभ्या नळ्या दिसतील, बहुधा पांढऱ्या किंवा हिरवट खनिजानं भरलेल्या. लाव्हा ओल्या किंवा थंड जमिनीवर आली तेव्हा वाफ आणि वायू वर चढताना या नळ्या झाल्या. हा चादरीचा तळ. नळ्यांची टोकं एकाच बाजूला वळलेली असतील तर लाव्हा त्या बाजूला वाहत होती. निदान दहा नळ्यांची दिशा मोजा. एकट्या नळीवर विसंबू नका, कारण लाव्हाचा प्रत्येक फुगारा आपापल्या मर्जीनं वळतो.

त्याच्या वर गाभा. घट्ट, जवळजवळ बिनभोकाचा, उभ्या भेगांनी खांबांसारखा तुटलेला. दगड फोडणारे याच भागाच्या शोधात असतात. गाभ्याच्या वर पुन्हा भोकं सुरू होतात, आधी मोठी आणि विरळ, वर जावं तशी बारीक आणि दाट. हे वरचं कवच. त्याच्या अगदी माथ्यावर नशिबानं दोरखंडाच्या वळ्यांसारखी सुरकुतलेली साय सापडते. दूध तापवताना साय सरकून गोळा होते, तसाच प्रकार.

आता टेप काढा. वरचं भोकांचं कवच किती जाड आहे ते मोजा, मीटरमध्ये. त्या आकड्याचा वर्ग करा आणि १६५ नं गुणा. उत्तर तासांत येतं: चादर आतून लाव्हानं फुगत असताना एवढं कवच धरायला लागलेला वेळ. हवाई बेटांवरच्या जिवंत प्रवाहांवर मोजून हे गणित बसवलं आहे. एक मीटर कवच म्हणजे सात दिवस, दोन मीटर म्हणजे सत्तावीस-अठ्ठावीस दिवस, पाच मीटर म्हणजे जवळपास पावणेसहा महिने. कवच दुप्पट झालं की वेळ चौपट होतो, म्हणून मापातली चूकही तशीच फुगते. माथा झिजून गेला असेल तर उत्तरापुढे ‘किमान’ लिहा. किनाऱ्यावर तो बहुधा झिजलेलाच असतो.

जाडी मोजताना आणखी एक घोटाळा होतो. थर झुकलेला असेल आणि तुम्ही आडव्या खडपावर चालत मोजलं, तर आकडा भलताच मोठा येतो. थर दहा अंशांनी झुकलेला आहे आणि त्याच्या आरपार तुम्ही चाळीस मीटर चाललात, तर खरी जाडी चाळीस गुणिले ०.१७, म्हणजे सातच मीटर.

भोकाभोकांत फरक

चुका सर्वांत जास्त इथे होतात. हरिहरेश्वरच्या कड्यावर मधाच्या पोळ्यासारखी जाळी दिसते आणि बघणारे तिला खुशाल लाव्हाचे बुडबुडे म्हणून मोकळे होतात. ती मिठाची करणी आहे. तुषारांचं पाणी दगडात शिरतं, वाळतं, मिठाचे स्फटिक वाढतात आणि कण सुटत जातात. परीक्षा सोपी आहे: शेजारचा ताजा फुटलेला तुकडा उचला. आतही भोकं असतील, गोल आणि गुळगुळीत कडेची, तर ती वायूची. आत दगड भरीव आणि जाळी फक्त पृष्ठभागावर असेल, तर मिठाची. आणि अडीच सेंटीमीटर व्यासाची, यंत्रानं पाडल्यासारखी काटेकोर गोल भोकं ओळीनं दिसली तर ती खरंच यंत्रानं पाडलेली असतात. दगडातलं चुंबकत्व तपासायला संशोधक तसे नमुने काढतात.

भोकांत भरलेलं पांढरं काय आहे ते चाकूनं बघा. ओरखडा उठला नाही तर गारगोटी. सहज उठला आणि पूड करून वर लिंबू पिळल्यावर बारीक फसफसलं तर कॅल्साइट. ओरखडा उठतो पण फसफसत नाही, आणि पंख्यासारखे किंवा मोत्यासारखी चमक असलेले स्फटिक दिसतात, तेव्हा बहुधा झिओलाइट, लाव्हाच्या भोकांत वाढणारं खनिज. हे सगळं लाव्हा थिजल्यानंतर, झिरपणाऱ्या पाण्यानं आणून भरलेलं असतं. उद्रेकाच्या इतिहासात त्याची नोंद वेगळ्या पानावर करा.

लाल पट्टा आणि जांभा

दोन काळ्या थरांच्या मध्ये विटकरी, मऊ, नखानं उकरता येईल असा पट्टा दिसला की तिथे उद्रेक थांबला होता. खालच्या चादरीचा माथा उघडा पडून कुजला, माती झाली, कधी त्यात राख मिसळली, आणि पुढच्या लाव्हानं ती भाजून काढली. समुद्र हा पट्टा आधी पोखरतो, म्हणून कड्यातल्या बुटक्या गुहांची छतं तपासा. गुहेचं छत म्हणजे बऱ्याचदा वरच्या चादरीचा तळ असतो, आणि नळ्या मान वर करून आरामात मोजता येतात. दगड सैल वाटला तर मात्र आत शिरू नका.

पट्टा जाड म्हणून विश्रांती लांब, असा सरळ हिशोब मांडू नका. राख एका दिवसात फूटभर पडू शकते. माती तेवढी व्हायला फार काळ लागतो. पट्टा खालच्या दगडात हळूहळू मिसळत गेला असेल तर ती माती. खालची कड सुरीनं कापल्यासारखी असेल तर राखेचा किंवा वाहून आलेल्या गाळाचा संशय घ्या.

जांभ्याशी याची गल्लत होता कामा नये. जांभा वर, सड्यावर, म्हणजे कड्यावरच्या सपाट माथ्यावर असतो. तो नंतरच्या काळात ऊन-पावसानं तयार झाला, उद्रेकाशी त्याचा थेट संबंध नाही. कड्याखाली जांभ्याचे कोसळलेले धोंडे पडलेले असतात आणि ओले झाले की ते काळ्या थरात रुतून बसल्यासारखे दिसतात. हलतो का ते पाहा, किंवा भोवतीनं एक फेरी मारा.

थर कुठे झुकला आहे

खडपावरच्या साचलेल्या पाण्याचा इथे फार उपयोग होतो. थराचा वरचा पृष्ठभाग जिथे डबक्यात बुडतो, तिथे पाण्याची कड त्या पृष्ठभागावर जी रेघ आखते ती आपोआप आडवी असते. होकायंत्र त्या रेघेला समांतर धरा आणि वाचन घ्या. झुकाव त्या रेघेला काटकोनात, पाणी खोल होतं त्या बाजूला. होकायंत्र दगडावर टेकवू नका, छातीच्या उंचीवर धरा. या दगडात चुंबकी खनिज आहे (दोऱ्याला टांगलेला चुंबक त्याच्याकडे ओढला जातो ते बघा) आणि सुई फसते. फोनचं होकायंत्र तर कव्हरच्या चुंबकी बटणानंही फसतं.

मुंबई आणि घारापुरीकडे, तसंच पनवेलपासून दक्षिणेकडे जाणाऱ्या पट्ट्यात थर पश्चिमेला स्पष्ट झुकलेले आहेत. पनवेल फ्लेक्शर म्हणतात ती हीच वाक. तिथे समुद्राकडे चालाल तसे तुम्ही नव्या थरांवर जाता आणि गावाकडे वळलात की जुन्या. रत्नागिरीकडे थर जवळपास आडवे आहेत. झुकाव मुळातला की नंतरचा, हे त्या तळच्या नळ्या सांगतात. अशा नळ्या साधारण चार अंशांपेक्षा कमी उतारावरच होतात. नळ्या असलेला थर आज पंधरा अंशांनी झुकलेला दिसला, तर लाव्हा थिजल्यावर जमीन वाकली आहे.

थिजलेली भेग

सगळ्या थरांना छेदून, एखाद्या पडक्या गडग्यासारखी सरळ समुद्रात गेलेली काळी भिंत दिसली तर ती डाईक, म्हणजे भेगेतच थिजलेली लाव्हा, असण्याची शक्यता मोठी. अलिबाग ते मुरूड पट्ट्यात अशा भिंती आहेत, बहुतेक किनाऱ्याला समांतर, दक्षिणोत्तर. खात्रीसाठी तिची कड आणि मधला भाग भिंगाखाली शेजारी-शेजारी बघा. कडेचे दोन-चार सेंटीमीटर इतके बारीक कणांचे की काळ्या काचेसारखे वाटतात, कारण थंड दगडाला टेकून ते झटकन थिजले. मध्यभागी कण डोळ्यांनी दिसतात. खांब चादरीत उभे असतात, डाईकमध्ये आडवे, भिंतीवर रचलेल्या सरपणासारखे, कारण खांब नेहमी थंड होणाऱ्या पृष्ठभागाला काटकोनात वाढतात. रुंदी आणि दिशा नोंदवा. डाईक ज्या थराला कापते त्याच्यापेक्षा ती तरुण, एवढंच ठामपणे लिहा. तीच भेग वरच्या कुठल्या चादरीला पाजत होती हे सिद्ध करायला प्रयोगशाळेतलं रासायनिक पृथक्करण लागतं.

मनोरी-गोराईकडे फिकट रंगाचा, पट्टेदार रायोलाइट (हाही लाव्हाचाच दगड, पण वेगळ्या घडणीचा) भेटला तर वहीत नवं पान काढा. मुंबईतले हे शेवटचे उद्रेक ६.२ कोटी वर्षांच्या आसपासचे, मुख्य दख्खन लाव्हानंतरचे. कॅल्डेरातून उडते तशी राख कशी असते ते पाहायचं असेल, तर घाटावर पुणे जिल्ह्यात, कुकडीकाठच्या बोरीला जा. इंडोनेशियातल्या तोबा कॅल्डेराची ती राख मानली जाते, जरी तिच्या वयावरून संशोधकांत बराच वाद झाला असला तरी. आणि मालवण-वेंगुर्ल्याच्या बाजूला यातलं काही लागू करू नका. तिथे लाव्हा संपते आणि कितीतरी जुने खडक वर येतात.

घरी पोचल्यावर होकायंत्र, चाकू आणि भिंगाची चौकट गोड्या पाण्यानं धुवून पुसा आणि खोबरेल तेलाचं बोट लावून ठेवा. खारं पाणी राहिलं तर भिंगाचा स्क्रू दुसऱ्या दिवशी फिरत नाही.