ब्रश फॉन्ट वापरताना सांध्यांकडे बघा

ब्रश फॉन्टची, म्हणजे कुंचल्याने लिहिल्यासारख्या दिसणाऱ्या फॉन्टची, खरी करामत अक्षरांच्या सांध्यात असते. रॉबर्ट स्मिथ यांनी १९४२ मध्ये अमेरिकन टाइप फाउंडर्ससाठी केलेला 'ब्रश स्क्रिप्ट' घ्या किंवा रोजे एक्सकोफों यांचा १९५३ चा 'मिस्ट्राल'. एका अक्षराची शेपटी पुढच्या अक्षराला नेमकी भिडते, म्हणून सलग हात फिरल्यासारखं वाटतं. ट्रॅकिंग, म्हणजे सगळ्या अक्षरांमधलं अंतर, वाढवलं की हे सांधे उघडे पडतात. ते ० ठेवा. इलस्ट्रेटर या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये कर्निंग (दोन शेजारच्या अक्षरांमधलं अंतर) 'ऑटो' हवं. 'ऑप्टिकल' स्वतःच्या हिशेबाने अंतर बदलतं आणि शेपट्या सरकतात. इंग्रजी मजकूर सगळा कॅपिटलमध्ये तर नकोच. तिथे जोडायला काही उरतच नाही.

देवनागरीत जोडायचं काम शिरोरेषा करते, पण अडचणी जोडाक्षरांत आणि मात्रांत निघतात. फॉन्ट पसंत करण्याआधी 'दुसऱ्या, श्रद्धा, कृष्ण, शिट्टी, बाळू' एवढं टाइप करून बघा. 'ऱ्या' मोडला किंवा 'ट्टी'मध्ये हलन्त दिसला, तर आधी पॅरेग्राफ पॅनेलच्या मेनूत भारतीय लिप्यांसाठीचा कंपोझर (अक्षरं जुळवून ओळ मांडणारी सेटिंग) निवडा. तरीही तसंच दिसत असेल तर तो फॉन्ट मराठीच्या कामाचा नाही. ल आणि श हिंदी वळणाचे आले तर मजकुराची भाषा मराठी करून पाहा; काही फॉन्टमध्ये मराठी रूपं त्यानंतरच येतात.

मोफत फॉन्टांत 'यात्रा वन' मुंबई लोकलच्या हाताने रंगवलेल्या पाट्यांवरून घेतलेला आहे. वजन (अक्षराची जाडी) एकच, पण पाटीवर ठसठशीत उठतो. 'कलम' ब्रशपेक्षा पेनाच्या हस्ताक्षराकडे झुकणारा. लाइट, रेग्युलर, बोल्ड अशा तीन वजनांत मिळतो.

मिसळीची पाटी, बालनाट्याचं पोस्टर, लोणच्याचं लेबल इथे हा बाज शोभतो. तीन-चार शब्द पुरेत. पत्ता, फोन, किंमत 'मुक्ता'सारख्या साध्या फॉन्टमध्ये टाका. १८ पॉइंटच्या खाली ब्रशचा खरखरीतपणा छपाईत भरून जातो आणि अक्षर डागासारखं दिसतं. स्क्रीन प्रिंटिंगला तर खरखरीत कडांचा फॉन्ट टाळलेलाच बरा.

सगळ्यात जास्त माल वाया जातो तो रेडियम कटिंगमध्ये, म्हणजे चिकटपट्टीच्या शीटमधून अक्षरं कापताना. फॉन्ट आउटलाइन केला, म्हणजे मजकुराचे आकार करून घेतले, की प्रत्येक अक्षराची शिरोरेषा शेजारच्या अक्षरावर किंचित चढलेली असते. पडद्यावर एकसंध दिसते, पण प्लॉटर (कापणारं मशीन) प्रत्येक कड कापतो आणि शब्दाचे तुकडे हातात येतात. म्हणून मूळ मजकुराची प्रत बाजूला ठेवा, आउटलाइन करा, पाथफाइंडर पॅनेलमधून 'युनाइट' देऊन सगळे आकार एकात जोडा आणि कंट्रोल-वाय दाबून (यात फक्त कडा दिसतात) आत रेषा उरली नाही ना ते बघा. अक्षरांना बाहेरून बॉर्डर द्यायची असली तरी आधी हेच करावं लागतं.

'मामा', 'बाबा' असे शब्द आले की दोन्ही अक्षरांवरचे फटकारे हुबेहूब सारखे दिसतात आणि हातकामाचा आव लगेच उघडा पडतो. त्या अक्षराचं पर्यायी रूप असेल तर ग्लिफ्स पॅनेलमधून (फॉन्टमधल्या सगळ्या आकृत्यांची यादी) घ्या; नसेल तर आउटलाइन केल्यावर, युनाइट करण्याआधी, दुसऱ्या अक्षराच्या कडेवरचे दोन-तीन अँकर पॉइंट हलवा. शिरोरेषेला मात्र हात लावू नका.