जुनी मोटरसायकल घेताय? आधी गाडीखाली वाका

किनारपट्टीत गाडीचं वय मीटरवर वाचू नका. गुहागर, मालवणकडे समुद्राला तोंड करून अंगणात उभी राहिलेली आणि जेमतेम 15 हजार किलोमीटर पळालेली गाडी घाटावरच्या 40 हजार पळालेल्या गाडीपेक्षा जास्त सडलेली असू शकते. खाऱ्या वाऱ्यातलं मीठ पत्र्यावर बसतं आणि हवेतली ओल धरून ठेवतं. म्हणून दिवसाउजेडी जा. सोबत टॉर्च, चिंधी आणि स्क्रूड्रायव्हर घ्या. आणि मालकाला आदल्या दिवशीच सांगा, आम्ही येईपर्यंत गाडी चालू करू नका.

पोचल्यावर पहिल्यांदा इंजिनाला हात लावा. गरम लागलं तर थंड असताना चालू व्हायला ती त्रास देत असावी, असं धरून चाला.

आता गंज. गाडी मधल्या स्टँडवर घ्या आणि खाली बसा. मागचं चाक धरणारा चिमटा, स्टँडचे जोड, बॅटरीखालची पट्टी, सीट काढून आतली चौकट, सगळीकडे टॉर्च मारा. चिंधीने पुसून जाणारी तांबूस भुकटी चालेल. पापुद्रे सुटत असतील किंवा वेल्डिंगचा जोड फुगला असेल, तर तिथे स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोका. आवाज बद्द आला की सौदा तिथेच सोडा, चौकट सडलेली गाडी फुकटही महाग. वरून जुनी दिसणाऱ्या गाडीच्या खालच्या बाजूला ताजा काळा रंग असेल, तर तो कशासाठी मारला ते विचारायलाच हवं.

पुढच्या शॉकअपच्या चकचकीत नळीवर नख फिरवा. खड्डे लागले तर ते ऑइल सीलची कड फाडतात. नवी सील टाकली तरी थोड्या दिवसांत पुन्हा तेल गळतं, म्हणजे खर्च सीलचा नाही, नळीचा. टाकीचं झाकण उघडून आत बघा. तळाशी लाल गाळ असेल तर कार्बोरेटरचे जेट (पेट्रोल जाणारी बारीक भोकं) तुंबतात, इंजेक्शनच्या गाडीत पंप आणि फिल्टर जातो. सायलेन्सर खालून तपासा, आत साठलेलं पाणी सगळ्यात खोलगट भागाला भोक पाडतं.

चिपळूण-महाडकडची गाडी 22 जुलै 2021 च्या पुराआधीची असेल तर आणखी एक गोष्ट बघा. हेडलाइटच्या काचेआड किंवा मीटरमध्ये मातीची रेघ, एअर फिल्टरच्या डब्यात गाळ, वायरच्या जोडांवर हिरवट थर. असं काही दिसलं तर गाडी पाण्याखाली गेलेली असण्याची शक्यता मोठी. वायरिंगची दुखणी मग एकामागून एक निघत राहतात.

इंजिन चालू करून 10 मिनिटं तसंच ठेवा. सुरुवातीची थोडी पांढरी वाफ ठीक. निळा धूर म्हणजे तेल जळतंय, रिंग किंवा व्हॉल्व्ह सीलचं काम. ऑइलच्या झाकणाला पावसाळ्यात थोडी साय दिसते, पण तेल मोजायच्या काडीवरचं सगळंच तेल दुधाळ असेल तर आत पाणी आहे.

इंजिन बंद करून पुढचं चाक अधांतरी ठेवा आणि हँडल हळू फिरवा. मध्यावर अडकल्यासारखं वाटलं तर कोनसेट, म्हणजे हँडलच्या मानेतलं बेअरिंग, गेला. मागचं चाक आडवं हलवा, खेळलं तर चिमट्याचे बुश किंवा चाकाचं बेअरिंग. मागच्या स्प्रॉकेटवरची चेन मागे ओढा. अर्धा दात उघडा पडला तर चेन-स्प्रॉकेटचा पूर्ण सेट धरून भाव पाडा. टायरवरचे शेवटचे 4 आकडे म्हणजे आठवडा आणि साल: 2321 म्हणजे 2021 चा 23 वा आठवडा.

चालवायला घ्याल तेव्हा घाटी चढवा. तिसऱ्या गिअरला इंजिन ओरडतं पण वेग वाढत नाही, तर क्लच प्लेट संपल्या.

शेवटी कागद. चेसिस नंबर हँडलच्या मानेवर कोरलेला असतो. गंज घासून तो आरसी बुकाशी आकडा न् आकडा जुळवा, भोवती आधीच कुणी कानशीने घासल्याच्या खुणा नकोत. कर्ज होतं का? मग बँकेचा ना हरकत दाखला आणि आरसीवरची कर्जाची नोंद काढायचा फॉर्म 35. नावावर करायला फॉर्म 29 आणि 30. न भरलेले ई-चलान आधी मालकाकडून भरून घ्या. बांदा-सावंतवाडीकडे गोव्याच्या नंबरच्या गाड्या स्वस्तात दिसतात, पण त्यांना तिथल्या आरटीओचा फॉर्म 28 वरचा दाखला लागतो आणि रोड टॅक्स महाराष्ट्रात पुन्हा भरावा लागतो. तो किमतीत मिळवा, मगच स्वस्त म्हणा.