डव्हडेलला जाताय? सुरुवात मिलडेलहून करा

इंग्लंडमधल्या पीक डिस्ट्रिक्ट या राष्ट्रीय उद्यानातली डव्हडेल ही डव्ह नदीची दरी पाहायला बहुतेक जण थेट नदी ओलांडायला पात्रात ठेवलेल्या प्रसिद्ध दगडी पायठणांपाशी गाडी लावतात आणि तिथूनच परततात. त्याऐवजी वरच्या अंगाला असलेल्या मिलडेल या चिमुकल्या वाडीतून चालायला लागा. मूठभर दगडी घरं आणि डव्ह नदीवरचा अरुंद जुना पूल. त्याचे कठडे मुद्दाम बुटके ठेवलेत, म्हणजे ओझ्याच्या घोड्यांच्या पाठीवरची पोती अडकू नयेत. तिथे दोन मिनिटं थांबाच! पूल ओलांडला की स्टॅफर्डशायर परगण्यातून डर्बीशायर परगण्यात आलात. इथे नदी हीच हद्द आहे.

पुढे सुमारे 5 किलोमीटर वाट नदीकाठाने, चुनखडीच्या सुळक्यांमधून आणि गुहांजवळून पायठणांपर्यंत जाते. परतीचं अंतर धरून वेळ काढा. पावलांनी झिजलेली चुनखडी ओली झाली की फार निसरडी होते, म्हणून घट्ट पकडीचे बूट हवेतच. नदीला पाणी वाढलं की पायठणं बुडतात. तेव्हा ती ओलांडायचा हट्ट नको, थोडं खाली पादचारी पूल आहे. मिलडेलची गाडीतळाची जागा अगदी लहान आहे, सकाळी लवकर पोहोचा.