नव्या लाकडी डेकला सील करताना या चुका टाळा
गुहागरच्या आमच्या घराला समुद्राच्या बाजूने सागवानी डेक, म्हणजे फळ्यांचा उघडा ओटा, केला, तो मे महिन्याच्या शेवटी. ढग जमायला लागले होते, म्हणून सुताराचं काम संपलं त्याच्या दुसऱ्याच दिवशी पॉलिशवाल्याला बोलावलं. गणपतीत घरी गेलो तर फळ्यांवर जागोजाग फोड. एक नखाने उचकटला, तर पॉलिश पापडासारखं हातात आलं आणि खाली लाकूड ओलं, काळपट.

‘पावसाआधी सील झालंच पाहिजे’ ही घाईच सगळ्यात महागात पडते. लाकडात ओल असताना वरून पॉलिश चढवलं की ती आतच कोंडते, आणि ऊन पडलं की बाहेर पडायला वाट शोधते. सागाची फळी एक पावसाळा उघडी राहिली तर फार तर करडी पडेल. ते घासून निघतं. कोंडलेली ओल मात्र फळी कुजवते. तेव्हा उशीर झाला असेल तर सरळ दिवाळीपर्यंत थांबा. ऑक्टोबरच्या उन्हात लाकूड छान सुकतं.

सुकलं की नाही, हे पाण्याच्या थेंबांनी कळतं. चार-पाच ठिकाणी थेंब टाका. काही मिनिटांत जिरले तर लाकूड तयार आहे. तसेच गोल बसून राहिले तर लगेच ‘ओल आहे’ असं ठरवू नका. मशीनने रंधलेली नवी फळी इतकी गुळगुळीत असते की पाणी आत शिरतच नाही. ८० नंबरच्या पॉलिश पेपरने घासा आणि पुन्हा थेंब टाका. लाकडातली ओल मोजणारा मॉइश्चर मीटर मिळाला तर उत्तमच. आकडा १५ टक्क्यांच्या आसपास किंवा खाली हवा.

दुसरी चूक म्हणजे कपाटाचं पॉलिश डेकला लावणं. मेलामाइन किंवा फ्रेंच पॉलिश घरातल्या लाकडासाठी असतं. बाहेरची फळी पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते. वरचा कडक थर तिच्याबरोबर हलत नाही, तडकतो, आणि त्या फटीतून पाणी आत जातं. बाहेरच्या वापरासाठी असलेलं, लाकडात मुरणारं तेल घ्या, आणि तेही थोडा रंग असलेलं. पारदर्शक तेल उन्हाला अडवत नाही. कच्चं अळशीचं तेल स्वस्त पडतं, पण ते सुकायला फार वेळ घेतं आणि कोकणच्या दमट हवेत त्यावर काळी बुरशी धरते.

तेलाचा हात पातळच द्या, सकाळी, फळ्या तापायच्या आत. न मुरलेलं तेल पंधरा-वीस मिनिटांत फडक्याने पुसून घ्या. दोन दिवसांनीही डेक चिकट लागत असेल तर वर आणखी हात देऊ नका. टर्पेंटाइनच्या फडक्याने जादा तेल काढा. आणि ही फडकी बोळा करून कोपऱ्यात कधीही टाकू नका. सुकताना तेल तापतं, आणि बोळा आपोआप पेट घेऊ शकतो. उघड्यावर एकेक पसरून सुकवा किंवा पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवा.

फळ्यांची टोकं आणि खालची बाजू बहुतेक जण विसरतात. पाणी सगळ्यात जास्त टोकांतून शिरतं, कारण तिथे लाकडाच्या नळ्या उघड्या असतात. फळ्या बसवण्याआधीच चारही बाजूंना एक हात द्या, आणि सुताराने फळी कापली की कापलेल्या टोकाला तिथल्या तिथे. स्क्रू स्टेनलेसचेच घ्या, समुद्राजवळ ३१६ ग्रेडचे, म्हणजे खाऱ्या हवेत सहज न गंजणारे. साध्या लोखंडाभोवती सागावर काळे डाग पडतात. ते ऑक्झॅलिक ॲसिडच्या सौम्य द्रावणाने निघतात. हातमोजे घाला आणि नंतर भरपूर पाण्याने धुवा.

फोड आलेच असतील तर तेवढ्यावर ठिगळ लावून भागत नाही. पॉलिश खरवडून, घासून पूर्ण लाकूड उघडं करा. प्रेशर वॉशर जवळून मारू नका, लाकडाचे तंतू उभे राहतात. आम्ही डिसेंबरात चार दिवस घासत होतो.

आता दर ऑक्टोबरला पाण्याचे थेंब टाकून बघतो. पायरीजवळच्या दोन-तीन फळ्या सगळ्यांच्या आधी पाणी प्यायला लागतात. तेवढ्यांनाच हात दिला तरी पुरतो.