झोपेत पाय झटकतात? निदानाच्या वेळी या चुका टाळा

झोपेत पाय झटकण्याची तक्रार बहुतेक वेळा झोपणाऱ्याची नसते, शेजारी झोपणाऱ्याची असते. झटकणाऱ्याला फक्त सकाळी अंग जड वाटतं आणि दुपारी डुलक्या येतात. तरीही डॉक्टरांकडे तो एकटाच जातो आणि खरी माहिती घरीच राहते. जोडीदाराला सोबत न्या. तेही जमलं नाही तर रात्रीचा दोन-तीन मिनिटांचा मोबाइल व्हिडिओ दाखवा, पांघरूण बाजूला करून काढलेला.

सगळ्या हालचालींना एकच नाव देणं

इथे सर्वात जास्त घोटाळा होतो. पहिला प्रश्न असा, की त्रास जागेपणी होतो की झोपेत? अंथरुणाला पाठ टेकली की पाय शिवशिवतात, हलवल्याशिवाय राहवत नाही, उठून चार पावलं चाललं की बरं वाटतं आणि हे सगळं संध्याकाळनंतर वाढतं, असं असेल तर तो रेस्टलेस लेग्ज सिंड्रोम असू शकतो. तो नीट प्रश्न विचारून ओळखता येतो. निव्वळ त्याच्यासाठी महागडी स्लीप स्टडी, म्हणजे रात्रभर झोपेची नोंद घेणारी तपासणी, करायची गरज सहसा नसते.

झोप लागल्यानंतर ठरावीक अंतराने अंगठा वर उचलला जातो, घोटा आणि कधी गुडघाही वाकतो आणि माणसाला त्याचा पत्ता नसतो, ती झोपेतली नियतकालिक हालचाल. रेस्टलेस लेग्ज असलेल्या बहुसंख्य लोकांत ती दिसते, पण ती दिसली म्हणजे रेस्टलेस लेग्ज आहेच असं नाही.

डोळा लागता लागता दचकून बसलेला एकच झटका निरुपद्रवी असतो. पोटरीत गोळा आला तर स्नायू टणक होतो आणि जीव जाईल असं दुखतं. मधुमेहींच्या पायांची जळजळ चालल्याने सहसा थांबत नाही. पहाटेच्या सुमारास स्वप्नातल्यासारख्या लाथा-बुक्क्या मारणं, ओरडणं मात्र अंगावर काढू नका. पुढे होणाऱ्या पार्किन्सन्सचं ते आधीचं लक्षण असू शकतं, म्हणून मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवा.

अहवालातल्या आकड्यालाच आजार समजणं

स्लीप स्टडीत नडगीच्या पुढच्या स्नायूवर इलेक्ट्रोड लावतात. अर्धा ते 10 सेकंदांची हालचाल, 5 ते 90 सेकंदांच्या अंतराने, ओळीने किमान 4 वेळा झाली तरच ती मोजतात. मोठ्यांत तासाला 15 पेक्षा जास्त आणि मुलांत 5 पेक्षा जास्त हालचाली असामान्य मानल्या जातात. पण साठी ओलांडलेल्या कितीतरी लोकांत हा आकडा वाढलेला असतो आणि त्यांची झोप उत्तम असते. झोप मोडत नाही, दिवसा थकवा नाही, तर औषध कशासाठी? उलट आकडा एका रात्री कमी आला म्हणून निश्चिंतही होऊ नये, कारण तो रात्रीगणिक बदलतो. आणि घरी करायच्या साध्या तपासणीत बहुधा पायांची नोंदच होत नाही. ती करण्याआधी हे विचारून घ्या.

घोरणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट पाहावी. श्वास अडकून पुन्हा सुरू होताना पाय झटकले जातात. अशा झटक्यांचं मूळ श्वासात असतं. ते वेगळे काढलेत का, हे डॉक्टरांना विचारा. आधी श्वासाचा उपचार होऊ द्या, मग पायांकडे पाहता येईल.

'हिमोग्लोबिन चांगलं आहे' म्हणून लोहाचा विषय संपवणं

ही चूक मला सर्वात जास्त खटकते, कारण ती साध्या रक्ततपासणीने टळते. हिमोग्लोबिन 13 असूनही शरीरातला लोहाचा साठा रिकामा असू शकतो. तो कळतो फेरिटिनवरून, म्हणजे लोह साठवणाऱ्या प्रथिनाच्या रक्ततपासणीवरून. स्त्रियांच्या अहवालात फेरिटिन 20 असलं तरी पुष्कळ लॅब ते 'नॉर्मल' छापतात. पण रेस्टलेस लेग्ज असलेल्या मोठ्या माणसाचं फेरिटिन 75 किंवा त्याखाली असेल, किंवा ट्रान्सफरिन सॅच्युरेशन (रक्तात लोह वाहून नेणाऱ्या प्रथिनाचा लोहाने भरलेला भाग) 20 टक्क्यांखाली असेल, तर लोह देण्याचा विचार करावा, असं या विषयातल्या मार्गदर्शक सूचना सांगतात. जास्त पाळी जाणाऱ्या, गरोदर आणि वारंवार रक्तदान करणाऱ्यांनी हे आवर्जून तपासावं.

तपासणी सकाळी उपाशीपोटी करा. आदल्या दिवशी लोहाची गोळी घेऊ नका. ताप किंवा संसर्ग असताना फेरिटिन खोटं वाढलेलं दिसतं, म्हणून तेव्हाची तपासणी टाळा. मात्र तपासल्याशिवाय मनाने गोळ्या सुरू करू नका, जास्तीचं लोह साठून यकृताला आणि हृदयाला इजा करू शकतं. गोळी चहासोबत घेतली तर लोह नीट शोषलं जात नाही.

औषधांची यादी न सांगणं

नैराश्यावरच्या अनेक गोळ्या, उलटीवरचं मेटोक्लोप्रमाइड आणि सर्दीच्या झोप आणणाऱ्या गोळ्या पायांचा त्रास वाढवू शकतात. सर्दीची गोळी कुणाला औषध वाटतच नाही, म्हणून तीही सांगा. नैराश्यावरची गोळी मात्र परस्पर बंद करू नका. पर्याय डॉक्टरच ठरवतील.

रेस्टलेस लेग्जवर दिलं जाणारं प्रामिपेक्सोल किंवा रोपिनिरोल सुरू असेल आणि पूर्वी रात्री दहाला होणारा त्रास आता दुपारीच सुरू होत असेल, हातांतही जाणवू लागला असेल, तर आजार वाढला असं समजून डोस वाढवून मागू नका. त्याच औषधामुळे असं होतं, हे आता नीट माहीत आहे. त्रास आधी किती वाजता सुरू व्हायचा आणि आता किती वाजता होतो, ही वेळ लिहून डॉक्टरांपुढे ठेवा.