बेअरिंग तेच ठेवायचं की नवं टाकायचं? बोटीचं इंजिन बांधताना या चुका टाळा

१ जूनला मासेमारी बंद झाली की मिरकरवाडा, हर्णै, देवगडच्या बोटींची इंजिनं उघडायला लागतात. ३१ जुलैच्या आत सगळं उरकायचं असतं. त्या घाईत मिस्त्री विचारतो, "नाखवा, बेअरिंग बरी दिसतायत, हीच टाकू?" नखाला खरखर लागत नाही, म्हणून नाखवाही मान हलवतो.

नखावर हा निकाल लागत नाही. बऱ्याच डिझेल इंजिनांच्या शेलवर, म्हणजे दोन मिळून एक बेअरिंग होणाऱ्या अर्धगोल पट्ट्यांवर, जो राखाडी थर असतो, तो जेमतेम ०.०२ मिलिमीटर जाड. तो झिजून खालचा तांबूस रंग दिसू लागला की शेल बदलायचे. ॲल्युमिनियमच्या शेलमध्ये तांबं दिसणारच नाही, तिथे मापच घ्यावं लागतं.

आपल्याकडे सगळ्यात आधी विचारायचा प्रश्न वेगळाच आहे: तेलात खारं पाणी गेलं होतं का? ऑइल कूलर फुटून तेल एकदा जरी दुधाळ झालं असेल, तर शेल कितीही चकचकीत असोत, परत टाकू नका. "तेल लगेच बदललं होतं" या बोलण्यावर विसंबू नका. पाणी आणि आंबलेलं तेल शिसाचा थर खातं, बारीक काळे खड्डे पडतात. आणि गळती न शोधता नवे शेल टाकलेत तर तेही जातील.

दुसरी चूक याच्या उलट: झिजलेल्या क्रँकवर (इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्यावर) डोळे मिटून नवे स्टँडर्ड शेल. प्रत्येक जर्नल (क्रँकचा बेअरिंगमध्ये फिरणारा गोल भाग) मायक्रोमीटरने आडवं-उभं आणि दोन्ही टोकांना मोजा. अंडाकृती किंवा निमुळतं निघालं तर क्रँक ग्राइंडिंगला द्या, आणि ०.२५ किंवा ०.५० मिलिमीटर, जितकं घासून कमी होईल त्याच अंडरसाइजचे शेल आणा. पाठीवरचा शिक्का वाचूनच दुकानातून निघा. ७५ मिलिमीटरच्या जर्नलला शेलपासून अंदाजे ०.०७५ मिलिमीटर गॅप (तेलासाठीची फट) धरतात, पण मॅन्युअलमधला आकडा वेगळा असेल तर तोच खरा. ही गॅप मोजायला मध्ये दाबून बघायची प्लास्टिगेजची पट्टी स्वस्त मिळते. ती न वापरण्याला कारण नाही.

जुने शेल भंगारात टाकायची घाई मात्र करू नका. कोणता कुठला, वरचा की खालचा, ते लिहून ओळीने मांडा. एकाच कडेला झीज असेल तर कनेक्टिंग रॉड वाकला असेल, नाहीतर जर्नल निमुळतं असेल. मेनचे (इंजिनात क्रँकला धरणाऱ्या बेअरिंगचे) मधले शेल जास्त झिजले असतील तर क्रँक वाकल्याचा संशय घ्या. पाठीला चकाकी म्हणजे शेल जागेवर हलत होता.

गॅप कमी करायला कॅप (शेलवर बोल्टने आवळलं जाणारं झाकण) घासणारे मिस्त्री अजून आहेत. त्यांना थांबवा. शेलची पकड त्या कॅपच्या गोलाईवर असते.

जुने शेल ठेवायचेच तर एकाच परिस्थितीत: इंजिन दुसऱ्याच कामासाठी उघडलं, इंजिन चालल्याचे तास कमी झालेत, तेलात पाणी नव्हतं आणि गॅप मापात आहे. तरी ते ज्या जागचे त्याच जागी बसवा. एक जुना, एक नवा असली जोडी नको.

बांधून झाल्यावर तेलाचा दाब थंडीत चांगला पण गरम झाल्यावर पडत असेल तर आधी तेलाचा ग्रेड आणि दाबाचा व्हॉल्व्ह बघा, मग बेअरिंगकडे वळा. पहिलं तेल लवकर बदला, आणि जुना फिल्टर कापून आत धातूचे कण आहेत का ते पाहा.